उदाहरण झाकल्यावर उरतं ते

सर, तिची चिठ्ठी तुम्ही दाबून ठेवलीत. तुम्हाला जाऊन सात वर्षं झाली, गेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात, पण मला हे गेल्या शुक्रवारी कळलंय. माझा राग ताजा आहे आणि तो तुम्हाला ऐकून घ्यावा लागेल. वर्गात मी तावातावाने उठलो की तुम्ही खडू खाली ठेवून म्हणायचात, "बोल. पण शेवटपर्यंत बोल, मधेच बाक आपटून बाहेर पळू नकोस." इथे आपटायला बाक नाही. बसून लिहितोय.

नीतिशास्त्राचा तो दोन पानी झेरॉक्स तुम्हाला आठवत असेल. एका म्हाताऱ्या गवंड्याचं दुखणं बरं होणारं नाही, डॉक्टरला ते ठाऊक आहे. डॉक्टर भला माणूस. तो सांगतो, दिवाळीपर्यंत ठणठणीत व्हाल. म्हातारा खुशीत राहतो आणि बहिणीशी धरलेला वीस वर्षांचा अबोला तसाच ठेवून मरतो. लेखकाचा मुख्य दावा एका वाक्यात लिहा आणि समजावून सांगा, एवढंच काम होतं. मी लिहिलं, 'खोटं बोलणं वाईट असतं.' माझ्या पुढच्या बाकावर तिने पाऊण पान भरलं होतं, आणि मी उताऱ्यापेक्षा तिच्या वेणीकडे जास्त बघितलं होतं, हेही तुम्हाला माहीत होतं. मग रविवारी बेलवलीला तुमच्या स्वयंपाकघरात तुम्ही मेथी निवडताय, काकू पोळ्या लाटतायत आणि माझा पेपर तेलाच्या डब्याला टेकवून ठेवलाय. "गाढवा, हे बालवाडीच्या भिंतीवर लिहितात. याच्याशी भांडणार कोण? एखादा शहाणा माणूस ज्याच्याशी भांडू शकेल, ते वाक्य शोध." मेथीने हिरवा झालेला पंजा तुम्ही त्या म्हाताऱ्याच्या गोष्टीवर ठेवता. "उदाहरण झाकलं. आता सांग, काय उरलं?" मी म्हणालो, "तुमचा हात." काकू लाटणं थांबवून हसल्या. तुम्ही नाही हसलात. पेपरवर लाल पेनाने लिहिलंत, 'पुन्हा वाच.'

पुढच्या महिन्यात परीक्षा सुरू झाली आणि ती कॉलेजात दिसेनाशी झाली. मी तुम्हाला जिन्यात गाठलं. "आजी आजारी आहे तिची, गावाला गेलीये," तुम्ही म्हणालात, "तू पेपरांकडे बघ." चष्मा पुसत म्हणालात, आता आठवतंय. मी विश्वास ठेवला. इतका, की अंबरनाथला तिच्या गल्लीतून रोज उगाच सायकल फिरवायचो, तेही बंद केलं. आणि ती तिथेच, त्याच घरात होती. दुसऱ्या पेपरानंतर तुमचं हृदय अचानक थांबलं. तिचं लग्न ठरल्याचं मला तुमच्या तेराव्याला, जेवणाच्या पंगतीत कुणाकडून तरी कळलं. उरलेले पेपर दिले नाहीत, कॉलेजही तिथेच सुटलं. एका शब्दाने मला सांगितलं नाही म्हणून सात वर्षं मी तिला शिव्या घातल्या. तुम्हाला मात्र एकही नाही. तुमचा फोटो अजून पाकिटात आहे.

आता मी उल्हासनगरला फर्निचरच्या दुकानात आहे. शेठ सिंधी, माणूस वाईट नाही, पण रोज ऐकवतो, "साईं, कस्टमर को खुश करके भेज. सागवान बोल!" मी बोलत नाही. आत प्लाय आहे, वर सागाचं पातळ पान चिकटवलंय, असं तोंडावर सांगतो. यावरून आमची तीनदा जुंपली. तुमचंच खूळ डोक्यात, दुसरं काय. शुक्रवारी ती आली. नवरा आतल्या बाजूला टेप लावून कपाटाची मापं घेतोय, चिखलोलीला नवीन फ्लॅट घेतलाय त्यांनी. मला बघून ती दचकली नाही. कपाटावर बोटाने टकटक केलं आणि म्हणाली, "पाणी लागलं तर फुगेल का रे?"

"फुगेल."

"अजून तसाच आहेस. गिऱ्हाईक पळवशील शेठचं." मग आवाज खाली आणून, "एक विचारू? मी सरांकडे चिठ्ठी दिली होती तुझ्यासाठी. रविवारी घरी ये, बाबांशी बोल, तू आलास तर मी या स्थळाला नाही म्हणेन. सरांनी दिली होती ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी तेराव्याला दिलेला तुमच्या कागदांचा गठ्ठा पहिल्यांदा सोडला. माझा पेपर, तुमचं लाल 'पुन्हा वाच', आणि त्याला पिनेने टोचलेली तिच्या चिठ्ठीची घडी. काय बेत होता, सर? परीक्षा झाल्यावर पेपरासोबत देणार होतात? तो रविवार परीक्षा संपायची वाट बघत थांबणार होता का? मी तिच्या बापाची कॉलर धरीन, अशी भीती वाटली असेल. धरलीही असती. पेपरही बुडवला असता. पण ती कॉलर मी धरायची की नाही, हे मी ठरवायचं होतं! घ्या, ठेवतो हात. गवंडी झाकला, डॉक्टर झाकला, तिची आजारी आजी झाकली. उरतं ते हे: भल्यासाठी बोललेलं खोटंसुद्धा समोरच्याचा निर्णय त्याच्या हातून काढून घेतं, आणि खोटं बोलणारा भला आहे म्हणून तो निर्णय समोरच्याला परत मिळत नाही. या वाक्याशी भांडता येतं, सर. तापट पोराच्या हाती काडेपेटी द्यायची का, असं विचारून तुम्ही भांडू शकला असतात. पण भांडलात कुठे? चष्मा पुसलात.

तिला काय उत्तर दिलं, ते राहिलं. आतून नवरा ओरडला, "अगं, चार फुटी बसतंय बरोब्बर!" ती हलली नाही, माझ्याकडेच बघत राहिली. खरं सांगितलं तर तुम्ही तिच्या नजरेतून उतरणार, आणि नव्या घरात ती त्या रविवाराचा हिशोब करत बसणार, असं मला त्या एका क्षणात वाटून गेलं. मी म्हणालो, "दिली होती. मीच आलो नाही." ती "बरं" म्हणाली. कपाट घेतलं.

काल टेम्पोबरोबर ते पोचवायला मीच गेलो. चिठ्ठी शर्टाच्या खिशात होती, गंजलेल्या पिनेसकट. नवरा कामावर गेला होता. तिने पाणी दिलं, कपाट भिंतीपासून दोन बोटं लांब ठेव म्हणाली, मी ठेवलं. पाणी पिऊन परत आलो. आज चिठ्ठी त्याच पिनेने, त्याच भोकांतून, पुन्हा माझ्या पेपराला लावली. हे पत्रही त्याच गठ्ठ्यात खाली सरकवतोय.