गुरुवारचा भुतांचा वर्ग

दोन्या लिपा, संत सावांच्या सणानंतरचा दुसरा दिवस

तीर्थरूप स्तामेनाताईस,

धाकट्या झिवानाचा वाकून नमस्कार. (कंबर जेवढी वाकू देते तेवढाच, उरलेला मनोमन समजून घे.) तुझे गुडघे कसे आहेत? मागच्या पत्रात लिहिलं होतंस की डाव्या गुडघ्याला कोबीचं पान बांधतेस आणि उजव्याला विदोयेदाजींची आलुबुखाराची दारू, रकिया, चोळतेस, म्हणजे कशाने गुण येतो ते कळेल. कळलं का? रकियेने आला असेल तर दाजींना सांगू नकोस, नाहीतर उद्यापासून त्यांचेही गुडघे दुखायला लागतील. बदकं बरी असतील. इकडे सर्व क्षेम, असं लिहायचा रिवाज आहे म्हणून लिहिते. खरं काय ते पुढे येईलच.

तू म्हणत असशील, ही चार महिने मेली होती का. मेले नव्हते, पण मेलेल्यांतच होते म्हण. मी विद्यापीठात जात होते ताई. एकसष्टाव्या वर्षी, दर गुरुवारी दुपारी दोन वाजता, भुताखेतांचा अभ्यास करायला. चष्मा पुसून पुन्हा वाचलंस तरी हेच लिहिलेलं दिसेल.

झालं असं की शहरात तेओदोरा नावाची एक शिक्षिका आहे, जेमतेम पस्तिशीची, एवढीशी, चिमणीसारखी. तिने एक नवा विषय काढला: भीतीच्या गोष्टी वाचायच्या आणि त्यातून देव कुठे आहे, बरं काय, वाईट काय, ते शोधायचं. कुणीतरी बिशपसाहेबांकडे निनावी चिठ्ठी धाडली की ही बाई पोरांना सैतान शिकवते. विद्यापीठातही तिची नेमणूक वर्षावर्षाचीच, जानेवारीत पुन्हा ठरायची. त्यात बिशपसाहेबांनी नापसंतीचा एक शब्द टाकला असता तरी ती घरी बसली असती. पण आमचे बिशप तसे न्यायी. ते म्हणाले, आधी कुणीतरी बसून ऐका. आणि शहराच्या सर्वांत जवळचा चर्चवाला म्हणून ही कामगिरी आली आमच्या फादरांवर. (बाहेर फादर, घरात माझा नवरा तिहोमिर, आणि जेवणात मीठ कमी पडलं की पुन्हा फादर.)

पहिल्या गुरुवारी हे स्वतः गेले. काळा झगा, छातीवर क्रूस, दाढी विंचरलेली. आत शिरताच सगळा वर्ग उठून उभा राहिला आणि मागच्या बाकावरच्या एका मुलीने घाबरून पापं कबूल करायला सुरुवात केली. (सात पापं सांगून झाल्यावर तिला कळलं की हे नुसते बसायला आलेत.) निघताना यांनी घेवड्याचं पासुल दोन थाळे खाल्लं होतं, आणि वर्ग उबदार. तेओदोराबाई गोष्ट वाचत होत्या, त्यात मेलेला माणूस दाराशी येऊन श्वास टाकतो. नेमका तिथे यांचा घोरण्याचा पहिला सूर निघाला. पोरांना वाटलं, चर्चने मुद्दाम प्रात्यक्षिकासाठी माणूस पाठवलाय. तास संपेपर्यंत कुणी हललं नाही, आणि शेवटी टाळ्या पडल्या, त्यांनी हे जागे झाले.

घरी येऊन टोपी खुंटीला लावली आणि मला म्हणाले, “झिवाना, पुढच्या वेळेपासून तू जा. तू ऐकून मला सांग, मी अहवाल लिहीन.”

म्हटलं, “म्हणजे कान माझे आणि सही तुमची?”

“त्यात काय? शुभवर्तमानातही एकाने पाहिलं आणि दुसऱ्याने लिहिलं.”

अडतीस वर्षं या माणसाशी संसार केलाय ताई. शास्त्र अंगाशी आलं की हा माणूस शास्त्राच्याच मागे लपतो.

तर मी गेले. आजारवही म्हणून एक वही आहे माझी, कुणाला कसला काढा दिला ते लिहायची. तीच उलटी करून मागच्या बाजूने अभ्यास लिहायला घेतला. वर्गात अकरा मुलंमुली. सगळ्यांची नखं काळी, कपडे काळे. मला वाटलं, कुणाच्या तरी मरणाच्या चाळिसाव्या दिवसाला आलेत. ओग्न्येन नावाचा एक उंच तरुण, भुवईत कडी घातलेला, उठून म्हणाला, “आजी, इथे बसा, इथे खिडकीचा वारा लागत नाही.” म्हटलं, काकू म्हण, आजी व्हायला मला अजून कुणी बोलावलेलं नाही. तेव्हापासून सगळा वर्ग मला काकू म्हणतो, तेओदोराबाईसुद्धा.

त्या दिवशीची गोष्ट अशी होती: मेलेला मुलगा आईच्या दारी येतो, भूक लागली म्हणतो. आई दार उघडते. पुढे गावात चार माणसं मरतात. प्रश्न, दोष कुणाचा? पोरं बोलायला लागली. एक म्हणाला सत्ता, दुसरी म्हणाली देह, तिसरा म्हणाला अस्तित्वाची पोकळी. मला एकही वाक्य कळेना, पण एक गोष्ट सारखी टोचत होती, म्हणून हात वर केला आणि विचारलं, “तिने त्याला जेवायला काय वाढलं?”

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं: पाहुणा आणि भूत यांत फरक काय? मग दोन तास त्यावर असा वाद झाला की बसची वेळ टळली. मी एवढंच म्हणत होते की मुलगा भुकेला आला आणि आईने वाढलं नाही, तर तो शेजाऱ्याकडे जाणारच. दार उघडणं ही चूक नव्हे, ताट न मांडणं ही चूक. ओग्न्येन म्हणाला, “काकू, हे तुम्ही कुठे वाचलंत?” म्हटलं, वाचलं नाही बाबा, मला तीन दीर आहेत.

घरी आल्यावर मी हे सगळं आमच्या फादरांना सांगितलं. हे चुलीपाशी बसून अक्रोड फोडत होते. हातोडी थांबली. म्हणाले, “चूक. मेलेल्याला चाळीस दिवसांनी घर नसतं. तुझ्या बाईंना विचार, त्याच्यासाठी प्रार्थना कुणी केली होती का?” पुढच्या गुरुवारी विचारलं. बाई म्हणाल्या, “फादरांना विचारा, प्रार्थनेने भूक भागते का?” असं सुरू झालं ते. मी टपालाची पिशवी झाले. बाईंनी विचारलं, देवाने सगळं केलं तर वांपीर, कबरीतून उठून चालणारे मेलेले, कुणी केले? यांनी उत्तर पाठवलं, देवाने आलुबुखार केले, रकिया आपण केली. बाईंनी ते वाक्य दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, हेच सांगायला एका पंडिताने विटेएवढं जाड पुस्तक लिहिलंय. हे मी घरी सांगायला नको होतं. त्या रात्री यांनी आरशासमोर दाढी दोनदा विंचरली. (मीही नाताळच्या उपवासात वर्गाला भोपळ्याचं सारण भरलेली पिता भाजून न्यायला लागले होते, तेव्हा गर्वाचं पाप कुणाचं मोठं ते मी बोलत नाही.)

आता खरा घोटाळा. नोव्हेंबरातल्या एका रविवारी यांनी नेहमीचं प्रवचन बाजूला ठेवलं आणि भर चर्चमध्ये विचारलं, “शेजाऱ्यावर प्रेम करा असं सांगितलंय. दाराशी मेलेला माणूस आला, तर तो शेजारी की नाही?” यांना वाटलं, लोक विचार करतील. लोकांनी विचार केलाच नाही, लोक थेट घरी गेले. सोमवारी गावच्या दुकानात लसणाची एक पाकळी शिल्लक नव्हती. मंगळवारपर्यंत शाळेमागची काटेरी ग्लोगची झाडी बुंध्यापर्यंत तोडून नेलेली, कारण वांपिराच्या छातीत खुंटा ठोकायचा तर तो ग्लोगचाच हवा. बुधवारी म्हातारी पेर्सिदा येऊन आडून आडून विचारून गेली की फादरांना नक्की कोण दिसलं, तिचा नवरा तर नाही, कारण त्याच्यावर प्रेम करायचं असेल तर ती गाव सोडेल. आणि पुढच्या आठवड्यात बिशपसाहेबांकडे दुसरी निनावी चिठ्ठी गेली. या वेळी आमच्या फादरांच्या नावाने.

फोन आला तेव्हा मी शेजारीच होते. बिशपसाहेबांचा आवाज मोठा आहे. “तिहोमिर, ती बाई सैतान शिकवते का ते बघायला मी तुला पाठवलं. आता तुला बघायला मी कुणाला पाठवू, तिला? अहवाल आण. संत सावांच्या सणाआधी.” हे हो म्हणाले आणि फोन ठेवला. ताई, त्या दिवशी पहिल्यांदा मला भीती वाटली. गोष्टीतली नव्हे, खरी. हे चर्च गेलं तर या वयात आम्ही जायचं कुठे? आणि आम्ही आमचं वाचवायला ‘होय, सैतानच शिकवते’ असं लिहून दिलं, तर ती चिमणी जाईल कुठे? सोपं तेच होतं. यांनी दोनदा तसं लिहायला घेतलं, मी पाहिलं. दोन्ही वेळा कागद चुलीत गेला.

माझ्यापुढे तेवढ्यात वेगळंच संकट. बाईंनी शेवटचा निबंध दिला होता: आपल्या स्वतःच्या घरातली भीतीची गोष्ट लिहा, आणि तीत कोण चुकलं ते सांगा. मी तीन दिवस कोरी वही घेऊन बसले. मग रादिसावकाकाची गोष्ट लिहिली.

हो ताई, तीच. तुला काय सांगायची, पण कशी लिहिली ते सांगते. काका हिवाळ्यात गेला, वसंतात गावच्या मेंढ्या मरायला लागल्या, आणि लोक म्हणायला लागले की रादिसाव चालायला लागलाय, उकरून काढा. कोसाराकाकू दार लावून आत बसून होती. मी नऊ वर्षांची, तू चौदाची. आई गावापुढे जाऊन म्हणाली, माझा दीर आहे, मी करते. शनिवारी भर दुपारी करते, सगळ्यांनी दारं लावून घरात बसायचं. मग ती ग्लोगचा खुंटा, हातोडा आणि आपल्या दोघींना घेऊन दफनभूमीत गेली. तिथे तिने तो खुंटा काकाच्या कबरीपासून दोन पावलं बाजूला, रिकाम्या जमिनीत ठोकला. वर माती सारखी केली आणि गावात येऊन सांगितलं, झालं. त्याच आठवड्यात गुरांचा डॉक्टर मेंढ्यांना सुया टोचून गेला होता. मेंढ्या जगल्या, श्रेय खुंट्याला मिळालं. काका अखंड राहिला, काकू गावात मान वर करून राहिली, आणि आईने आपल्याला भाकरीवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली की हे कुणाला सांगायचं नाही.

तोंडी परीक्षेला बाईंनी विचारलं, “काकू, तुमच्या आईने केलं ते बरं की वाईट? ती सगळ्या गावाशी खोटं बोलली.”

म्हटलं, “बोलली. घाबरलेल्या माणसाला खरं ऐकू येत नाही, त्याला ठोकल्याचा आवाज ऐकू येतो. तिने तेवढा आवाज दिला, आणि मेलेल्याला हात लावला नाही. हे पाप असेल तर तिथे वर मी तिच्या शेजारी उभी राहीन.”

ओग्न्येनने नाक शिंकरलं. मला दहा पैकी दहा मिळाले, ताई. आपल्या घराण्यात हे पहिलेच.

त्याच संध्याकाळी मी निबंध यांना वाचून दाखवला. ऐकून झाल्यावर हे उठले, टेबलाशी बसले आणि एका बैठकीत अहवाल लिहिला. नक्कल माझ्यापाशी आहे: “मी वर्गात एकदाच गेलो आणि झोपलो. बाकी सर्व वेळ माझी बायको गेली. तिथे सैतान शिकवत नाहीत. घाबरल्यावर माणसाने कसं वागावं ते शिकवतात. वांपिरांवरचं प्रवचन ही माझी एकट्याची हौस होती, त्यात बाईंचा दोष नाही.” मी म्हटलं, झोपलो एवढं गाळा. म्हणाले, “तेवढंच एक मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.”

चार दिवस घरात कुणाला नीट जेवण गेलं नाही. मग उत्तर आलं, दोनच ओळी: वर्ग चालू द्यावा. आणि यापुढे काही काम निघालं तर पत्र थेट तुझ्या बायकोलाच पाठवीन. बाईंची नेमणूक परवा पक्की झाली. आमचं चर्चही जागेवर आहे, फक्त यांना ईस्टरपर्यंत प्रवचन लिहून आधी दाखवायची शिक्षा आहे. (मला दाखवायची. बिशपसाहेबांनी तसंच म्हटलंय.)

दाजींना नमस्कार. स्वतःला जप, गारठ्यात बदकांमागे धावू नकोस.

तुझी,
झिवाना

ता. क. शपथ मोडली म्हणून रागावू नकोस. आई गेली, काकू गेली, आणि ती भाकरी तर आपण त्याच दिवशी खाल्ली.

ता. क. २. येत्या रविवारी तेओदोराबाई आणि अकराही मुलं तुझ्याकडे येणार आहेत, आवाज टिपायचं यंत्र घेऊन. तू प्रत्यक्ष पाहिलेली एकटीच उरलीस असं माझ्या तोंडून निघून गेलं. पोरं गुणी आहेत, कुत्रा बांधून ठेव.

ता. क. ३. आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते लिहिते. बाईंनी शेवटी सहज विचारलं होतं, खुंटा कबरीच्या डाव्या बाजूला ठोकला की उजव्या? मला सांगता आलं नाही. कारण आईने मला फाटकाशी उभं केलं होतं, तोंड रस्त्याकडे करून, कुणी येतं का बघायला. मी फक्त आवाज ऐकला. बाजूला ठोकला हे मला तू सांगितलंस, परत येताना, मी रडायची थांबत नव्हते म्हणून.

बावन्न वर्षांत मी तुला हे कधी विचारलं नाही. आता विचारते. खरं काय ते रविवारच्या आत मला लिही. आणि ते काहीही असलं तरी मुलांना मात्र डावी बाजू म्हणून सांग.