सुनेला ऐकू जाईल असं

२६ जुलै १९९१, आषाढ पौर्णिमा
आणि हिरामण मास्तर चार बायांत तोंडावर म्हणतात, भिमाबाई, तुमचं वाचन अडखळतं, लोक पेंगतात. म्हणून यंदा बुवापाड्याच्या विहारात वर्षावासात, पावसाळाभर, धम्माचा ग्रंथ वाचायला शालन. कालची पोरगी. पेंगणारे पेंगतात, त्यात माझा काय दोष? ठरवलं, तीन महिने ग्रंथ घरीच वाचायचा. राग एकदम बंद. मास्तरचं तोंड बघायचं नाही.

२९ जुलै
ग्रंथ फडक्यातून सोडला. साक्षरता वर्गात शिकले तेव्हा घरी वाचायची, मग कंपनीच्या पाळ्यांत घरचं वाचन राहूनच गेलं. आज दोन पानं झाली. काय गोडी लागली. दूध उतू गेलं तरी उठले नाही. दूध बघायला सून आहे घरात.

३ ऑगस्ट
वाणीवरचं पान. कडू बोलू नये. पद्मजासाठीच लिहिलंय जसं काय. ती मोरीत भांडी घासत होती, तिला ऐकू जाईल असं वाचलं. दोनदा. ती कडू बोलत नाही. काहीच बोलत नाही. पण तोंड कडू करते, ते त्यातच आलं.

११ ऑगस्ट
शेजारची मोतीबाई ऐकायला आली. चहा पिऊन झाल्यावर म्हणते, भिमे, ग्रंथ वाचतेस का सुनेला नोटीस काढतेस? जळते. राग नाही आला. उद्यापासून तिचा चहा बंद, एवढंच.

२० ऑगस्ट
पद्मजाचं पोर जाऊन दोन महिने झाले. ताप आला, रिक्षातच गेलं. अजून झोळी सोडू देत नाही. आज तिला समोर बसवून अनित्यतेचं पान वाचलं. जन्मलं ते जाणारच. मी अडले तिथं शब्द तीच सांगत होती, बारावी पास आहे. शेवटपर्यंत रडली नाही. केवढा परिणाम ग्रंथाचा. मग झोळी मीच सोडली, धुऊन वाळत टाकली. मन हलकं झालं.

२१ ऑगस्ट
पद्मजा बदलापूरला माहेरी गेली. झोळी ओलीच घेऊन गेली. येईल आठ दिवसांत. किसनला म्हटलं, धम्म मनात उतरायला टाइम लागतो बाबा. ताटावरून उठून गेला. पोरगा बापावर गेलाय.

८ सप्टेंबर
वाचन फस्क्लास. मध्ये कोणी नाही. किसन रोज कामावरून परस्पर बदलापूरला. चार दिवस एकाच पानावर आहे. चांगल्या पानाला घाई करू नये.

२९ सप्टेंबर
मोतीबाईला स्वतः चहाला बोलावलं. म्हणाली, मी विहारात जाते, शालन वाचते तर डोळ्याला डोळा लागत नाही. मैत्रीभाव ठेवला. फक्त कपबशी हातातून काढून घेतली, चहा अर्धा होता.

१६ ऑक्टोबर
किसनने तिकडंच खोली घेतली. आज कपडे न्यायला आला. म्हणाला, आये, पद्मजाचा निरोप आहे. तुम्ही वाचलं ते सगळं खरं आहे, पण मला तेव्हा ते ऐकायचं नव्हतं.
म्हटलं, खरं आहे ना? मग भांडण कशाचं?
तो बॅगच भरत राहिला.
म्हटलं, तिला सांग, पुढच्या बुधवारी पौर्णिमा, वर्षावास संपतो. बुधवारपर्यंत काय ते एक कळव म्हणावं. येते का नाही? घरात माणूसच नाही तर मी वाचू कोणाला?