शेहेचाळीस गोण्यांचा दाखला

सोमवार, ३ मार्च २०२५

शेहेचाळीस गोण्या आल्या. लोअर परळहून. निळ्या, सीलबंद, प्रत्येकीवर नंबर. तिथे पूर्वी गिरणी होती, आता काचेचं ऑफिस आहे. त्यांनी तळघर रिकामं केलं. जुनी रजिस्टरं, फायली. उतरवून घेईपर्यंत दीड वाजला.

श्रेडर, कागद फाडायचं यंत्र, शनिवारपासून बंद. कुठल्याशा फायलीत लोखंडी पट्टी राहिली होती, पातं तुटलं.

पाच वाजता नेहमीप्रमाणे दाखला सही करून पाठवून दिला. ‘वरील सर्व कागदपत्रे आज आमच्या देखरेखीखाली पूर्णपणे नष्ट करण्यात आली आहेत.’ बावीस वर्षं असंच चाललंय. माल दुपारी येतो, दाखला संध्याकाळी जातो, माल रात्रीपर्यंत फाटतो. गिऱ्हाइकाला दाखला त्याच दिवशी हवा असतो. आज फक्त माल फाटणार नाही. पातं आलं की फाटेल. कागद काही पळून जात नाहीत.

मंगळवार, ४ मार्च

पातं कोइम्बतूरहून येणार. दहा-बारा दिवस. गोडाऊनवर माझ्या हाताखाली असलेल्या शांताने गोण्यांवर ताडपत्री टाकली.

घरी जेवताना मायाताई, माझी थोरली बहीण, म्हणाली, गवारीत मीठ नाही. मला कळलं नव्हतं. सगळी खाल्ली होती.

शुक्रवार, ७ मार्च

अकराच्या सुमारास एक म्हातारे गोडाऊनवर आले. सत्तरी ओलांडलेली. धोतर नव्हे, पँट — इस्त्रीची. हातात प्लॅस्टिकची पिशवी, तीत कागद. लालबागहून कॉटन ग्रीनपर्यंत चालत आले होते. नाव कुशाबा शेलार.

पिशवीतून त्यांनी जो कागद काढला तो माझाच दाखला. झेरॉक्स.

“हे तुमीच दिलंय ना, बाईसाहेब?”

“हो.”

गिरणीत ते साचेखात्यात, म्हणजे मागांवर, बदली कामगार होते. म्हणजे कायम नाही. रोज सकाळी दारात उभं राहायचं, कोणी खाडा केला की त्याच्या जागी लागायचं. ब्याऐंशीच्या संपाआधी कामावर होते एवढं सिद्ध झालं तर गिरणी कामगारांच्या घरासाठी पात्र. पण बदलीवाल्याला ना फंडाचा कागद, ना पगाराची पावती. नाव असेल तर एकाच ठिकाणी — खात्याच्या मस्टरमध्ये, हजेरीच्या वहीत. ते मागायला गेले लोअर परळच्या ऑफिसात. तिथल्या मुलाने माझा दाखला हातात ठेवला. २५ तारखेला शेवटची सुनावणी.

“आठ महिने त्येंच्या पायऱ्या झिजवतोय. दर खेपेला म्हनायचे, तळघरात हाय, काढून देतो. आता म्हनत्यात, सोमवारीच संपलं. सोमवारी! गेल्या सोमवारी मी तिथंच बसलो व्हतो, खाली. माज्यासमोरनं टेंपो गेला.”

खुर्ची एकच, तीवर मी. त्यांना दम लागला होता. ताडपत्रीचं टोक सारून ते गोणीवर बसले.

“एक बी वही ऱ्हायली नसंल?”

“दाखल्यात लिहिलंय तसंच आहे,” मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. पाणी प्यायले. “बसाय दिलंत, उपकार,” म्हणाले आणि गेले.

शनिवार, ८ मार्च

महिला दिन. सिद्धार्थने — मालक तो, वडलांच्या मागे दोन वर्षांपासून — फोनवर गुलाबाचं चित्र पाठवलं. मी अंगठा पाठवला.

मायाताईला शेलारांचं सांगितलं. उगाच सांगितलं.

“गोण्या तुझ्याकडेच आहेत की!”

“आहेत.”

“आणि तू त्याला सांगितलंस, नाहीत.”

“मी म्हटलं, दाखल्यात लिहिलंय तसं.”

“वा! म्हणजे खोटंसुद्धा तू नियमात बसवून बोलतेस.” मग चहा ओतता ओतता — “लक्ष्मी, तुला काही वाटतं का गं कधी?”

विचार केला. वाटत नाही. बावीस वर्षांत लोकांचे घटस्फोट, आजार, दिवाळखोऱ्या, सगळं माझ्यासमोर भुसा होऊन गेलं. एक ओळ वाचली नाही. सील फोडायचं ते यंत्राच्या तोंडाशीच, आणि वाचायचं नाही. हा नियम मीच घातला. वाटून घेत बसले असते तर पहिल्या वर्षीच नोकरी सोडावी लागली असती.

ताईला म्हटलं, “साखर कमी आहे.”

सोमवार, १० मार्च

शांता दुपारी डबा खाताना, माझ्याकडे न बघता — “बाई, तो म्हातारा बसला ना, ती सतरा नंबरची गोणी. मी बघितलं.”

“मग?”

“मग काय नाय. नंबर सांगितला.”

बुधवार, १२ मार्च

पातं निघालं म्हणे. मंगळवारी पोचेल.

शुक्रवार, १४ मार्च

धुळवड. गोडाऊन बंद. एक किल्ली माझ्याकडे असते, दुसरी सिद्धार्थकडे. सकाळी आठला शांताला फोन केला — ये. तिने का म्हणून विचारलं नाही. केसांत गुलाबी रंग, तशीच आली.

“कुठली आधी?” म्हणाली.

गोण्यांवर ऑफिसच्या पोरांनी मार्करने खातं लिहिलं होतं. साचेखात्याच्या अकरा. पहिलं सील कापलं तेव्हा कात्रीचा आवाज फार मोठा वाटला. बाकी काही नाही. धुळीने शांताला शिंका येत होत्या. “आमच्या घरी भांग, इथं ही धूळ. नशीब बघा!”

आठव्या गोणीत सापडलं. लांबट वही, कापडी पाठ, वाळवीने एक कोपरा खाल्लेला. बदली कामगार, डिसेंबर १९८१. शांताला अक्षर लागेना, मोडक्या घाटाचं होतं. म्हणाली, मोठ्याने वाचा. मी बोट धरून एकेक नाव वाचत गेले. तेविसावं — शेलार कुशाबा धोंडी. एकोणीस दिवस भरलेले. प्रत्येक दिवसाला एक उभी रेघ.

शांताने टाळी वाजवली. “काढा पान!”

“नाही.”

“अहो बाई, घ्या की!”

घेणं म्हणजे चोरी. माल गिऱ्हाइकाचा आहे. फाटलेलं सुटं पान सुनावणीत कोण मानणार? आख्खी वही हवी, आणि ती रीतसर दिलेली हवी. मी दाखला चुकीचा गेला असं सिद्धार्थला सांगेन, तो ऑफिसला लिहील, ऑफिस वही शेलारांना देईल. वेळ आहे, अकरा दिवस. वही गोणीत परत ठेवली. नवीन सील लावलं, नवा नंबर नोंदवला, शेजारी सही केली. सगळ्या आठही गोण्यांना.

शांता दारात म्हणाली, “बाई, तुम्ही शिकलेल्या हाय म्हणून गप बसते.”

शनिवार, १५ मार्च

सिद्धार्थ सुरतेला. फोनवर सगळं सांगितलं — पातं, दाखला, शेलार, सील कापली ते. शेवटी म्हणाला, “काकू, तुम्ही टेन्शन घेऊ नका. मी बघतो.”

बरं वाटलं असं लिहायला हवं. वाटलं असावं.

सोमवार, १७ मार्च

ताडपत्री घडी करून ठेवलेली. खाली रिकामी जमीन.

सिद्धार्थने काल, रविवारी, टेंपो लावून सगळ्या गोण्या भिवंडीला दुसऱ्याच्या यंत्रावर पाठवल्या. रात्री लगद्यात गेल्या. फोन केला तर खुशीत होता.

“काकू, मिटलं! आता तुमच्या दाखल्यावर कोणी बोट ठेवू शकत नाही. बाबा नेहमी म्हणायचे, काकूंची सही म्हणजे बँकेचा शिक्का.”

“मी वही द्यायला सांगितलं होतं.”

“वही दिली की दाखला खोटा ठरला ना, काकू! मग बाकीच्या सगळ्या गिऱ्हाइकांनी काय समजायचं?” मग, खरोखरच न कळून — “मी तुमच्यासाठीच केलं.”

खरं आहे. त्याने माझ्यासाठीच केलं.

शांता दिवसभर माझ्याशी बोलली नाही. संध्याकाळी भेळ खाल्ली. तिखट होती म्हणे.

मंगळवार, १८ मार्च

पातं आलं. नीट बसलं.

बुधवार, १९ मार्च

अर्धी रजा टाकून लालबागला गेले. चाळीचा तिसरा मजला. शेलारांची बायको गावी असते, इथे ते आणि पुतण्याचं कुटुंब, एका खोलीत सहाजण. शेलारांचं अंथरूण गॅलरीत.

उभ्यानेच सांगितलं. ७ तारखेला गोण्या होत्या. तुम्ही ज्यावर बसलात त्या. १४ तारखेला वही सापडली, तुमचं नाव मी वाचलं. वही परत ठेवली. आता नाही.

पुतण्याची बायको आतून बाहेर आली. “म्हणजे हातात होती आणि ठेवली? का?”

“नियमाने द्यावी म्हणून.”

“नियमाने!” ती आत गेली आणि एक भांडं जोरात आपटलं.

शेलारांनी कठडा धरला. मला वाटलं, ओरडतील. ओरडायला हवं होतं.

“किती दिवस भरलं व्हतं?” त्यांनी विचारलं.

“एकोणीस.”

“एकोनीस!” त्यांचा चेहराच बदलला. “बदल्याला म्हैन्यात धा-बारा मिळायचं मुश्किलीनं. त्या डिसेंबरात मी एकोनीस भरलं? मला म्हाईतच न्हाई.” मग — “नाव कसं लिवलं व्हतं? धोंडी व्हतं का धोंडिबा?”

“धोंडी.”

“बराबर. धोंडीच.”

मला चहा दिला त्यांनी. गोड होता. मीही बशीत ओतून प्यायले, माझ्या घरी कोणी तसं पीत नाही.

शुक्रवार, २१ मार्च

वकिलाकडे जाऊन प्रतिज्ञापत्र केलं. टायपिस्ट विचारत होता, “बाई, हे चौथं कलम असंच ठेवायचं? ‘३ मार्चच्या दाखल्यावर मी सही केली तेव्हा तो खोटा होता, हे मला माहीत होतं.’ वकीलसाहेबांना एकदा दाखवता का?”

“शब्द बदलू नका.”

एक प्रत सिद्धार्थच्या टेबलावर ठेवली. त्याने दोनदा वाचली. चिडला नाही. चिडला असता तर सोपं गेलं असतं.

“हे बाहेर गेलं तर लोअर परळचे सगळे जातील, काकू. तीस माणसं आहेत आपल्याकडे. शांता आहे.”

“माहीत आहे.”

“आणि तरी?”

“तुम्ही माझं नाव काढून टाका. लिहा, बाईंची वैयक्तिक चूक. तशीच आहे ती.”

किल्ली ठेवली. शिक्का ठेवला. शांता गेटपर्यंत आली. “आता दाखल्यावर सही कोण करणार?” म्हणाली. आठवड्यानंतरचं पहिलं वाक्य. मी म्हटलं, “माल फाटल्यावर कर म्हणावं, जो करील त्याला.”

घरी येऊन मायाताईला सांगितलं, नोकरी सोडली. तिने टीव्ही बंद केला. पुन्हा लावला. “उद्यापासून भाजी तू आण मग.”

मंगळवार, २५ मार्च

सुनावणी. दोन तास बाकावर. शेलारांनी तीच पँट घातलेली.

टेबलामागचा साहेब तरुण होता, माझं प्रतिज्ञापत्र वाचून त्याने चष्मा वर केला.

“म्हणजे मॅडम, आधी तुम्ही सही करून लिहून दिलंत की कागद नष्ट केले. ते खोटं. आता सही करून लिहून देताय की कागद पाहिला. ते खरं. असंच ना?”

“असंच.”

“मग आम्ही तुमची कुठली सही धरायची?”

बावीस वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता.

शेलार मधेच म्हणाले, “साहेब, बाईंनी नोकरी घालवली यापायी.” साहेब म्हणाला, “काका, सहानुभूतीवर घर देता आलं असतं तर मी सगळ्यांनाच दिलं असतं.” वाईट माणूस नव्हता. आमच्यासाठी पंखा वाढवला त्याने.

मग म्हणाला, नुसती मॅडमची साक्ष चालणार नाही. त्याच वहीत त्याच महिन्यात नाव असलेला, आणि आधीच पात्र ठरलेला एखादा कामगार आणा. त्याने सांगितलं तर विचार करू. खात्री देत नाही. आठ दिवस.

जिन्यात शेलार थांबले. “त्या म्हैन्यात माज्या बाजूला कोन व्हतं, ते मी कसं सांगू? बदल्याचं काय, आज ह्या साच्यावर, उद्या त्या. चव्वेचाळीस वर्सं झाली, बाई.”

त्यांना बसमध्ये बसवलं. मी चालत आले.

बुधवार, २६ मार्च

रात्रभर कधी नव्हे ते झोप लागली नाही. पहाटे उठून पाटीवर पाढे लिहावेत तसं लिहायला घेतलं. एकदा मोठ्याने वाचलेलं माझ्या डोक्यातून जात नाही. कॉलेजात संस्कृत घेतल्याचा तेवढा फायदा. गुरव बाबाजी लक्ष्मण. पाताडे रघू अर्जुन. मुल्ला इस्माईल हसन. नलावडे. तांबे. एकामागे एक आली, वहीतल्या क्रमाने. तेवीस.

साडेसातला लालबागला. शेलारांनी कागद गुडघ्यावर घेतला, बोट ठेवत खाली आले. “हा गेला. हा बी गेला, संपातच. ह्यो गावाला, त्येला दिसत न्हाई. हा गेला.”

अठराव्या नावावर बोट थांबलं. त्यांनी ते उचललं नाही.

“बाई — ह्यो भोईवाड्यात ऱ्हातो.”

“घर मिळालंय?”

“तेच तर घर! त्येच्या वास्तुशांतीला जेवून आलोय मी.”

मी त्यांची चप्पल शोधून पुढे ठेवली. मग माझी घातली.