शहादेवविरुद्ध एकेचाळीस आलेख

३ मे, सकाळी ११.१०
पुन्हा उसळी. थ्रीडी चित्रातला कॅमेरा विहाराच्या दाराकडे वळला आणि फ्रेम टाइमची रेघ सोळावरून थेट नव्वदला. एक चित्र काढायला नव्वद मिलिसेकंद. सोळात निघालं तर हालचाल सलग दिसते. इथे सगळं अडखळतंय. स्क्रीनचं रेकॉर्डिंग चालू होतं, म्हणून निसटलं नाही.
हा कॉम्प्युटर शहादेवनं जोडून दिलेला, आम्ही भागीदार होतो तेव्हा. मग त्यानं समोरच स्वतःचं ड्रॉइंगचं दुकान थाटलं. पाटीही माझ्यासारखीच निळी. ग्राफिक्स कार्ड त्यानं जुनं घातलंय यात शंका नाही. फक्त पुरावा हवा.

४ मे
ठरलं. संतापायचं नाही. फक्त सूड घ्यायचा.
बारा तारखेला बुद्धपौर्णिमा. संध्याकाळी युसूफ वडगाव या गावच्या विहार समितीला नियोजित इमारतीची थ्रीडी सफर दाखवायची आहे. पसंत पडली तर पुढची सगळी ड्रॉइंग्ज माझी. त्याच पडद्यावर कोपऱ्यात आलेख ठेवीन. शहादेवला पहिल्या रांगेत बसवीन.
शिवाय उद्यापासून रोज सकाळी फिरायला जायचं.

६ मे
फिरायला गेलो नाही. आलेख छापत होतो. एकोणीस झाले.
प्रत्येक फ्रेमची नोंद फाइलमध्ये ठेवणारं सॉफ्टवेअरही लावलं. उसळी एकशे तीस. शहादेव सापडत चाललाय.
पंचशीलानं विचारलं, रेकॉर्डिंग बंद असताना अडखळतं का. बंद असताना कळणार कसं? बायको गणित शिकवते, पण शाळेतलं.

८ मे
शहादेवला आमंत्रण दिलं. येतो की, म्हणाला. वर, मशीन लई गरम होत असंल तर साफ करून देतो बे, पैसे नको. धूर्त माणूस. त्याचा चहा प्यायलो, पण रागानं.

११ मे
एकेचाळीस आलेख. पहिल्या रेकॉर्डिंगनं ऐनवेळी दगा दिला तर हाताशी असावं म्हणून दुसरंही सुरू केलं. उसळी तीनशे दहा. इतकं समाधान बऱ्याच दिवसांत मिळालं नव्हतं.
समितीचे अध्यक्ष आबासाहेब यांचा फोन. समदं तयार हाय ना? पुरावा तयार आहे, म्हणालो. कसला पुरावा, म्हणाले. उद्या कळेल.

१२ मे, संध्याकाळी ८.३०
साठेक माणसं. कॅमेरा दारापाशी आला आणि थांबला. अपेक्षेप्रमाणे. मी काठीनं रेघ दाखवली आणि शहादेवकडे बघितलं. तो कॉम्प्युटरच्या स्क्रीनकडे बघत होता. खाली तीन लाल ठिपके लुकलुकत होते, तिकडे.
आबासाहेब म्हणाले, ती रेघ ऱ्हाऊ द्या, आत काय हाय ते दावा.
मी आलेख क्रमांक सात समजावायला घेतला. गावातल्या सिंधुबाई ऐंशीच्या आहेत. त्या म्हणाल्या, आमचा जल्म दारातच उभं ऱ्हाण्यात गेला, आता चित्रातबी दारातच काहून?
कोणी हसलं नाही. आलेख क्रमांक नऊपर्यंत खुर्च्या आवरून झाल्या. आबासाहेब शहादेवला विचारत होते, तुमाला जमंल का.

१३ मे, सकाळी
शहादेव आला. दोन्ही रेकॉर्डिंग बंद केली. नोंदीचं सॉफ्टवेअर बंद केलं. तिन्ही लाल ठिपके विझले. रेघ सोळावर आली. कॅमेरा दारातून आत गेला. वरच्या मजल्यावरची अभ्यासिका मी पहिल्यांदाच न अडखळता पाहिली. चांगली झाली आहे. फाइल पेनड्राइव्हवर घेऊन तो समोर आपल्या दुकानात गेला.