तेजलच्या शब्दाविषयी, आणि थोडंसं पाटीविषयी

लोणावळा,
मंगळवार

ती. अनसूयाताईस,

धाकट्या माधवचा वाकून नमस्कार (कंबर धरल्यामुळे अर्धाच, उरलेला समक्ष भेटीत).

तळेगावच्या थंडीत तुझे गुडघे काय म्हणतात? इकडे अनिताचा खोकला गेला, माझी साखर होती तिथेच आहे. फोन न करता पत्र लिहितो आहे, कारण फोनवर तू मध्येच प्रश्न विचारतेस आणि या मजकुराला प्रश्न सोसवणार नाहीत.

गेल्या आठवड्यात तू दोन कामं सांगितली होतीस. एक म्हणजे, तुझ्या नातीला, तेजलला, शाळेत एका इंग्रजी शब्दावर पाच मिनिटं बोलायचं आहे आणि तिच्या चिठ्ठीत 'पेंट' निघाला आहे, तेव्हा एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलेल्या मामाआजोबांनी मदत करावी. दुसरं म्हणजे, घराला रंग देतोस तर खुशाल दे, पण दारावरच्या, अण्णांनी रंगवलेल्या पाटीला कुणी हात लावायचा नाही. पहिलं काम उत्तम पार पडलं आहे. तेव्हा आधी त्याविषयी.

'पेंट' इंग्रजीत आला तो फ्रेंचांकडून आणि फ्रेंचांना तो मिळाला लॅटिनकडून. चित्राला 'पिक्चर' म्हणतात, तो याचाच भाऊबंद. 'पाइंट' हे द्रव मोजायचं मापही बहुधा याच घराण्यातलं, कारण पूर्वी म्हणे भांड्यावर रंगाची खूण करून माप ठरवत. (हे तेजलने वर्गात सांगू नये. आमच्या लोणावळ्यात शनिवारी प्यायला येणाऱ्या पाहुण्यांमुळे त्या मापाचं नाव फार चांगलं राहिलेलं नाही.) अर्थही पुष्कळ आहेत. डब्यातला पातळ पदार्थ, तो फासणं, चित्र काढणं, चेहरा रंगवणं, एखादी गोष्ट शब्दांनी डोळ्यांपुढे उभी करणं. पण खरी गंमत मुळाशी आहे. कोशकार मागे मागे जात जिथे पोचतात, तिथे रंगाचा पत्ताच नाही. तिथे आहे कोरणं, ओरखडून खूण करणं. आपला संस्कृत 'पिश्' धातू, म्हणजे नक्षी कोरणं, सजवणं, तोही त्याच मुळाचा मानतात. म्हणजे माणसाने आधी ओरखडा काढला आणि रंग मागाहून आला.

हे सगळं मी गुरुवारी ओसरीवर बसून, कोश मांडीवर घेऊन, मोठ्याने वाचत होतो. ऐकायला आपला पेंटर नथू होता (टाकवे बुद्रुकचा, हात चांगला, बोलणं मोजकं). तो शिडीवर असल्यामुळे त्याला निघून जाता येत नव्हतं. आता, लोणावळ्याच्या ओलीत जुना रंग पापडासारखा सुटतो, त्यामुळे नवा देण्याआधी सगळं खरवडून घ्यावं लागतं, हे तुला ठाऊकच आहे. नथूने वरून विचारलं, "सर, पाटीबी खरवडू का?" मी मान डोलावली. ती मान लॅटिनला डोलावली होती, हे त्याला शिडीवरून कसं कळावं? त्या माणसाला मी दोष देत नाही. मी पान उलटून वर पाहिलं, तेव्हा पाटीवर पिवळा रंग नव्हता, काळी अक्षरं नव्हती, 'माधव सदन' नव्हतं.

ताई, लगेच चष्मा काढून डोळे पुसू नकोस. अण्णा रेल्वेत पेंटर होते, स्टेशनांच्या पाट्या रंगवायचे (हे तुला काय सांगायचं, पण तेजलला तिच्या पणजोबांविषयी सांग). लाकडावर अक्षर रंगवण्याआधी ते टोच्याने त्याची कड कोरून घेत. पावसाने रंग खाल्ला तरी पुढच्या पेंटरला अक्षर सापडलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या त्या सवयीने आपल्याला वाचवलं आहे. खरवडलेल्या पाटीवर कोरलेली अक्षरं लख्ख दिसतात. एकही हरवलेलं नाही. मोजली तर उलट एक जास्तच भरतं.

तेव्हा काळजी नसावी. तेजलला आशीर्वाद.

तुझा,
माधव

ता. क. - जास्तीच्या अक्षराविषयी. पाटीवर 'अनसूया सदन' असं कोरलेलं आहे. घर बांधलं तेव्हा मी झालो नव्हतो, हे मला माहीत होतं. त्याचा पाटीशी काही संबंध असेल, हे सदुसष्ट वर्षांत सुचलं नाही. तुझं नाव कोरलेलं आणि माझं वरून नुसतं रंगवलेलं. कोरायचा अण्णांना बहुधा वेळ झाला नसेल, असं मी म्हणतो. अनिता नुसती हसते.

ता. क. दुसरा - खोटं कशाला लिहू? शुक्रवारी मी नथूला म्हणालो, त्या खाचा लांबी भरून बुजव, पॉलिशपेपर मार आणि वर 'माधव सदन' काढ, ताईला कळायचंही नाही. त्याने लांबीचा डबा खाली ठेवला. म्हणाला, "सर, ह्ये कोरल्यालं नाव हाय. म्या न्हाई बुजवायचा. तुमाला बुजवायचं आसंल तर शिडी धरतो, वर तुमी चढा." मी चढलो नाही (कंबर). मग अनिता म्हणाली, "अहो, पाटीला हात लावू नकोस असं ताईंनी का सांगितलं असेल?" त्यावर मी दोन दिवस विचार केला. मी जन्मलो तेव्हा तू सात वर्षांची होतीस. तुला वाचता येत होतं. आणि अण्णा पाटी रंगवताना डबा नेहमी तूच धरायचीस.

इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाहीस, मलासुद्धा.

ता. क. तिसरा - सोमवारी नथू परंदवडीला लग्नघराच्या कामावर जाणार आहे, त्याआधी पाटी उतरवून ओसरीवर ठेवायला त्याला सांगितलं आहे. तू रविवारी सकाळच्या गाडीने ये. पिवळा आणि काळा रंग आणून ठेवला आहे. अक्षरं कोरलेली आहेतच, तू फक्त भर. डबा मी धरतो.