भात वाढला

रविवार, १५ एप्रिल १९७३

आज सकाळी उठून पहिलं काम केलं ते म्हणजे कालची चहापावडर उन्हात वाळत घातली. चूळ नंतर भरली. पावडर पत्र्यावर पसरली, वर फडकं, फडक्यावर चार खडे. दुपारी तीच पुन्हा उकळली. रंग आला नाही, पण वास होता. रंग ही नुसती नजरेची सवय आहे. ही म्हणाली, रंगबी न्हाई अन् वासबी न्हाई, तुमाला नाकच न्हाई. बाई फटकळ, पण मनाने चांगली आहे.

साखर वाढली. आमच्या घरात 'संपली' म्हणत नाहीत. संपलं म्हटलं की अन्नपूर्णा उठून जाते, असं आई सांगायची. म्हणून तेल वाढलं, मीठ वाढलं, रॉकेल वाढलं. यंदाच्या दुष्काळात हा नियम मी अधिक कडक केला आहे. या महिन्यात आमच्याकडे जवळजवळ सगळंच वाढलं.

संकल्प: जळालेली काडी फेकायची नाही, चुलीवरून दिव्याला जाळ न्यायला चालते. माळ चुकवायची नाही. राधाकृष्णदादाला ती गोष्ट सांगून टाकायची.

मंगळवार, १७ एप्रिल

सांगितली नाही. दादाच्या घरी त्यासाठीच गेलो होतो, पण त्याच्या चांगुणाचं लग्न ठरल्याची बातमी दारातच कळली. घोडेगावचं स्थळ, ९ मेचा मुहूर्त. शुभ दिवशी जुनं उकरू नये.

जुनं म्हणजे एवढंच. चार वर्षांपूर्वी दादाच्या थोरलीच्या, भीमाच्या लग्नात, सामानाच्या कोठीची किल्ली माझ्याकडे होती. मी मारुतीच्या देवळात दर्शनाला गेलो आणि तीन तास आलो नाही. किल्ली माझ्या करगोट्याला, तूप-गूळ कुलपात आणि वऱ्हाड पानावर. मी सगळ्यांना सांगितलं की ध्यान लागलं होतं. ध्यानच होतं. फक्त आडवं होतं.

त्यानंतर घरात दोन कार्यं झाली. दोन्ही वेळा किल्ली वहिनींच्या भावाकडे गेली. मी सोसायटीच्या गोदामाच्या किल्ल्या बावीस वर्षं सांभाळतो. गावाचा विश्वास आहे, घराचा नाही. पुढल्या वर्षी पन्नाशी. त्याआत एकदा कोठीची किल्ली मिळावी, एवढंच मारुतीजवळ मागणं आहे.

गुरुवार, १९ एप्रिल

मिळाली. वहिनींचा भाऊ खडी फोडण्याच्या कामावर मुकादम आहे, त्याला सुट्टी नाही. लंकावहिनी म्हणाल्या, भावजींना नगं. दादा म्हणाला, दुसरं हाय कोन? हा मी विश्वासच समजतो.

तांदूळ तीस किलो. सात घरांच्या रेशनकार्डांवरचा, महिनाभर थोडा थोडा गोळा केलेला. वहिनींनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, भावजी, घोडेगावच्या मानसांच्या पानात भात पडलाच पायजे, न्हाईतर पोरीला जन्मभर ऐकावं लागंल. ह्येच्यावर दाना मिळनार न्हाई. एवढ्यात भागवा. मी म्हणालो, वहिनी, भागवतो काय, उरवून दाखवतो. वहिनींचा चेहरा उतरला. भरून आलं असावं.

सोमवार, २३ एप्रिल

ही शेवया-पापडांसाठी दादाकडे राहायला गेली आहे. स्वयंपाक माझ्याकडे.

सकाळी पिठलं. बेसन कमी पडू नये म्हणून पाणी जास्त घातलं. वाटीने प्यालो. पचायला हलकं.

मग मुख्य काम. मागे राहुरीच्या शेतकी मेळाव्यात एका बाईंनी भुशाचं खोकं दाखवलं होतं. भात चुलीवर अर्धा शिजवायचा, पातेलं भुशाने भरलेल्या खोक्यात ठेवायचं, वर गोधडी. आतल्या वाफेवर आपोआप शिजतो. सरपण निम्मं. गोदामातलं रिकामं खोकं घेतलं. झाकण अजिबात उघडू नका असं बाई म्हणाल्या होत्या. बाई शिकलेल्या असतील, पण देखरेख कशाला म्हणतात ते गोदामवाल्याला विचारावं. दर अर्ध्या तासाने उघडून पाहिलं. प्रगती समाधानकारक.

पाच तासांनी दाणा कणखर होता. चावून खाल्ला. दातांना व्यायाम.

महत्त्वाचा शोध: पातेल्यात काडी घालून मोजलं. सकाळी चार बोटं, संध्याकाळी सव्वाचार. खोक्यात भात वाढतो. वीस किलोत तीस किलोचं काम होणार. दहा किलो शिल्लक. वहिनी रडतील.

शनिवार, २८ एप्रिल

ही आज घरी आली. खोक्यातला भात खायला दिला. म्हणाली, ह्यो भात न्हाई, भिजलेला तांदूळ हाय. कोंबड्यांना घातला. कोंबड्यांनी सगळा संपवला (चुकून लिहिलं. वाढवला). म्हणजे प्रयोग यशस्वी.

शुक्रवार, ४ मे

सहादू आचारी भेटला. त्याला सिस्टीम समजावली. पहिला मोठा हंडा चुलीवर, दुसरा भात अर्धा शिजवून खोक्यात. खोकं कोठीत, माझ्या नजरेसमोर. सहादू म्हणाला, नाना, तीस वर्सं झाली रांधतोय, पन भात पेटीत घालून कुलूप लावल्याला पाह्यला न्हाई. मी म्हणालो, सवय होईल. तो म्हणाला, किल्ली तुमची, भात तुमचा.

दुसरा नियम. कोठीच्या दारात कोणीही 'संपलं' म्हणायचं नाही. मंगलकार्य आहे. सहादूने विचारलं, मंग काय म्हनायचं? वाढलं म्हणायचं. त्याने विचारलं, समदंच? मी म्हणालो, सगळंच. जरा विचार करून तो म्हणाला, मानूस गेला तर?

दादाच्या कोठीच्या कुलपाला दोन किल्ल्या आहेत, एक वहिनींकडे. दोन किल्ल्या म्हणजे बेशिस्त. गोदामाचं पितळी कुलूप आणून लावलं. त्याला एकच.

दादा एकटा मांडवाच्या मेढी रोवत होता. ती गोष्ट सांगायला चांगली वेळ होती. पण त्याच्या हातात पहार होती.

मंगळवार, ८ मे

हळद. चांगुणा पिवळीधमक होऊन कोठीत आली. म्हणाली, नाना, उद्या देवळात जाऊ नका. मी म्हणालो, असं म्हणू नये. ती म्हणाली, बरं जा, पन किल्ली ठिवून जा. आईला रातभर झोप न्हाई. मी वचन दिलं. ती हसली, माझ्या सदऱ्याला हळदीची पाच बोटं उमटवून गेली. सदरा धुवायचा नाही. साबणही वाचेल.

उद्या कार्य उरकलं की दादाला नक्की सांगायचं.

बुधवार, ९ मे

सकाळी ६. स्नान, माळ. किल्ली करगोट्याला, दोन गाठी.

९.३०. दुसरा भात खोक्यात गेला. वर दोन गोधड्या. दहा किलो तांदूळ पोत्यातच ठेवला. सहादूला सांगितलं नाही. उरल्यावर सांगणार.

११.४५. अक्षता पडल्या. डोळ्यांत पाणी आलं. भुसा उडाला असावा.

१.३०. तीन पंगती उठल्या. लापशी, आमटी, भात. सगळे जेवताहेत. आता फक्त विहीणपंगत राहिली, म्हणजे नवऱ्यामुलाचे आईवडील आणि मानाची साठ माणसं. आतापर्यंत आठ वेळा खोकं उघडून पाहिलं.

२.१०. आत्ता जे घडलं ते लगेच लिहून ठेवतो. सहादू दारात आला. म्हणाला, नाना, भात वाढला. मी विचारलं, किती? म्हणाला, पार तळापातूर वाढला. अंगावर काटा आला. मी खोक्यातल्या भाताच्या भरवशावर बसलो होतो आणि इकडे चुलीवरचाच भात वाढला. सात घरचं धान्य, द्रौपदीच्या थाळीसारखं झालं. मी म्हणालो, मग चूल विझव, सरपण वाचेल. सहादू म्हणाला, मंग आता खोक्यावरच भरोसा? मी म्हणालो, पूर्ण भरोसा. तो माझ्याकडे बघतच राहिला. साधा माणूस, चमत्कार पहिल्यांदाच पाहिला.

२.१५. मारुतीला नारळ देऊन येतो. दहा मिनिटांचं काम. चांगुणाला दिलेलं वचन आठवलं, पण ते अडचणीच्या वेळेसाठी होतं. ही आनंदाची वेळ आहे. किल्ली बरोबर घेतो, कोठी उघडी कशी टाकायची?

संध्याकाळी ६. ध्यान लागलं. सविस्तर उद्या.

गुरुवार, १० मे

सविस्तर.

सहादूला म्हणायचं होतं की हंडा रिकामा झाला. चूक त्याची नाही, माझीही नाही. भाषेची आहे. पानात घातलं तरी वाढलं, जास्त झालं तरी वाढलं, आणि आईच्या नियमाप्रमाणे उरलं नाही तरी वाढलं. एका शब्दाने किती कामं करायची?

बाकी हकिकत हिच्याकडून कळली. विहीणपंगत बसली. लापशी आली, आमटी आली. आमटी द्रोणात गार होऊ लागली. सहादू खोक्यासाठी कोठीशी आला, तर कुलूप. वहिनींनी त्यांची किल्ली लावली, तर कुलूपच दुसरं. दादाने मांडवाची पहार घेतली. गोदामाचं कुलूप, पाच घाव खाऊन तुटलं. (मजबूत माल.) खोक्यातला भात सहादूने बोटांत धरला तर गोटीसारखा उडाला. पोत्यात दहा किलो तांदूळ सापडला, पण चूल विझलेली आणि साठ माणसं पानावर.

मग ही उठली. आळीतल्या एकेका दारात गेली आणि भाकरी मागितली. कोणी दोन दिल्या, कोणी पाच. सगळ्या रेशनवरच्या परदेशी तांबड्या ज्वारीच्या, मिलोच्या. विहीणपंगतीला आमटी-भाकरी वाढली. घोडेगावचे व्याही मच्छिंद्रराव भाकरीकडे पाहून म्हणाले, आमच्या घरचीच वाट चुकून आली जनू. चारजण हसले. विहीणबाई हसल्या नाहीत.

मला देवळातून दादाने उठवलं (ध्यानातून). माझ्या करगोट्याच्या दोन गाठी त्याने स्वतः सोडल्या, किल्ली घेतली. मांडवात परतल्यावर तुटलेलं कुलूप दिसलं. त्या किल्लीचं कुलूप आता नाही, हे मी त्याला सांगितलं. त्याने किल्ली तरीही खिशात टाकली.

चांगुणा निघताना पाया पडली. वाकली तेव्हा माझ्या सदऱ्यावरची तिची पाच बोटं तिला दिसली असतील.

नोंद: दहा किलो उरले. उरवून दाखवतो म्हणालो होतो.

शनिवार, १२ मे

दादाकडून निरोप आला, खोकं घेऊन जा, घरात वास मारतंय. गेलो. भात आंबून फुगला होता, झाकण वीतभर उचललं गेलं होतं, गोधड्या खाली पडल्या होत्या. काडी घालून मोजलं. सात बोटं. भात वाढतो हे सिद्ध झालं, फक्त तीन दिवस लागतात. दादाला सांगायला वळलो तर तो म्हशीमागे जाऊन उभा राहिला. म्हशीपुढे भात ठेवला. म्हशीनेही तोंड फिरवलं.

बुधवार, १६ मे

चहा चौथ्यांदा उकळला. ही काही बोलली नाही. प्याली. मला वाटलं होतं बोलेल.

रविवार, २० मे

चांगुणा पहिल्यांदा माहेरी आली. मला भेटायला आमच्याकडे आली, एवढी मोठी झाली पोर. मी विचारलं, सगळं ठीक ना? म्हणाली, लई चांगली मानसं हायेत. मग ओट्याची कड नखाने खरवडत बसली. हिने खोदून विचारलं तेव्हा सांगितलं. सहादूचं 'भात वाढला' घोडेगावपर्यंत पोचलं आहे. तिथे टोपलीतली भाकरी सरली, घागरीतलं पाणी सरलं, की मच्छिंद्रराव म्हणतात, सूनबाई, वाढलं गं. आणि घरभर हसू. तीही हसते. पहिल्या दिवशी मात्र गोठ्यात जाऊन रडली. सासूने विचारलं, तुजं नाना खरंच ध्यान करतात का गं? चांगुणाने सांगितलं, व्हय, लई करतात.

माझ्यासाठी खोटं बोलली. सासरी, आठ दिवसांच्या आत.

माळ घेऊन बसलो. एकशेआठ मणी झाले, पण नाम एकदाही आलं नाही.

सोमवार, २१ मे

सकाळी दादाकडे गेलो. चांगुणा चुलीपाशी होती, वहिनी दळण निवडत होत्या. उभ्यानेच बोललो. म्हणालो, दादा, भीमाच्या लग्नात ध्यान नव्हतं, झोप लागली होती. परवाही झोपच.

दादा म्हणाला, मग त्येच्यात नवीन काय? तुजं घोरनं पारावर ऐकू येतं. समद्या गावाला ठावं हाय.

मी विचारलं, मग किल्ली का दिलीस? तो म्हणाला, तू मागत न्हवतास, पन बघत हुतास लई.

खाली बसलो. वहिनींनी चांगुणाला चहा टाकायला सांगितलं. तिने डबा उघडला, आत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि डबा हातात धरून तशीच थांबली. काय म्हणावं ते पोरीला सुचेना.

मी म्हणालो, संपली म्हण.

साखर संपली, नाना, ती म्हणाली.

बिनसाखरेचा चहा घेतला. रंग चांगला होता.