वधूपिता आढळला नाही

परळी वैजनाथ,
२८ जानेवारी २००२

तीर्थस्वरूप राजेश्वरमामांच्या चरणी भाची शिवकन्या हिचा नमस्कार. नमस्कार केजच्या दिशेला तोंड करून खरोखर वाकून घातला आहे (आई म्हणते केज त्या बाजूला नाही, पण माझं काहीही बरोबर आहे असं आई सध्या मानतच नाही). तुमचा गुडघा कसा आहे? जीपच्या मागच्या फळीवर बसून गेलात असं कळलं, म्हणून विचारते. इकडे सगळे ठीक आहेत, म्हणजे तुम्ही भर याद्यांच्या बैठकीतून उठून गेल्यावर जितकं ठीक राहता येईल तितके. आप्पा दुकानात गिऱ्हाइकाशी कुजबुजत बोलतात. नवरदेव, म्हणजे आमचा रुद्रेशदादा, दाढी करत नाही. तुमचा होकार परत येईपर्यंत सतरा मार्चच्या लग्नाची पत्रिका छापायला द्यायची नाही, असं ठरलं आहे. चूक माझी आहे, म्हणून ती कशी झाली ते मीच सांगायला हवं.

मामा, मी औरंगाबादेला काय शिकते ते तुम्ही तीनदा विचारलंत आणि तिन्ही वेळा मी ‘कॉम्प्युटर’ एवढंच म्हणाले. तो उद्धटपणा झाला. घर बांधण्याआधी नकाशा काढतात, तसा सॉफ्टवेअर लिहिण्याआधीही काढतात: चौकटी आणि बाण. अडचण अशी की एका कंपनीच्या यंत्रात काढलेला नकाशा दुसऱ्या कंपनीच्या यंत्रात उघडत नाही. म्हणून जगभरचे लोक आता तो नकाशा एक्सएमएल नावाच्या साध्या, वाचता येईल अशा मजकुरात लिहू पाहताहेत, म्हणजे कुणीही काढावा आणि कुणीही वाचावा. (यात मला फार मोठी समता दिसते. सरांना वेळेवर जमा करायचा प्रकल्प दिसतो.) या मजकुराची रीत आपल्या दुकानातल्या डब्यांसारखी आहे. मोठ्या डब्यात मधला, मधल्यात लहान. एक डबा एका वेळी एकाच डब्यात बसतो. हे वाक्य कृपया लक्षात ठेवा, कारण तुमचा अपमान याच वाक्याने केला.

नमुन्यासाठी वर्गातल्या सगळ्यांनी बँक नाहीतर ग्रंथालय घेतलं. मी आपलं लग्न घेतलं. वरपक्ष एक डबा, वधूपक्ष दुसरा, आत माणसं, माणसांपुढे त्यांचा मान: कुणाला फेटा, कुणाला टॉवेल-टोपी, कुणाला लुगडं. माझं यंत्र हे सगळं वाचून मानपानाची याद आपोआप काढतं. तेच नाव दुसऱ्यांदा आलं तर ते गुपचूप गाळायचं, अशीही सोय मी केली होती. (या सोयीबद्दल सेमिनारमध्ये माझं कौतुक झालं होतं. त्या सभागृहात मामाच्या मुलीशी लग्न ठरलेलं कुणी नसावं.) वरपक्ष आधी आला, त्यात नवऱ्याचा मामा म्हणून तुम्ही बसलात. मग वधूपक्षात वर्षाराणीचे वडील म्हणून पुन्हा तुमचंच नाव आलं, आणि यंत्राने इमानदारीने तुम्हाला गाळलं.

स्टेशनजवळच्या कॉम्प्युटर क्लासात मी ती याद छापली तेव्हा लाइट जायला पाच मिनिटं होती (आपल्या गावच्या थर्मलमध्ये तयार होणारी वीज गावात थांबत नाही हे तुम्ही जाणताच), म्हणून मी तपासली नाही. आणि आप्पांना दम कुठे होता! घरातली पहिली ग्रॅज्युएट, तिने कॉम्प्युटरवर काढलेली याद. प्रिंटरच्या कागदाची ती भोकांच्या कडांची पट्टी त्यांनी पोथीसारखी दोन्ही हातांत धरली आणि चार माणसांत खणखणीत वाचली. “वधूमाता, इरकली लुगडं. वधूपिता, आढळला नाही.” तरी थांबले नाहीत! छापलंय म्हणजे खरं असणार, म्हणून पुढचं “फेटा, लागू नाही” हेही वाचलं. मागून तुळजाबाईआत्या म्हणाल्या, “आगं बया, आत्ता तर इथं च्या पीत होते!” त्यावर मंडळी हसली नसती, तर तुम्ही कदाचित बसून राहिला असता. “मी न्हाई? मंग ही पोरगी कुणाची हाय?” असं म्हणून तुम्ही अर्धा चहा तसाच ठेवून उठलात.

त्यानंतर चार दिवस मी हेच दुरुस्त करत होते. आता माणसं कुणाच्याच डब्यात ठेवत नाही. सगळी एका ओळीत, प्रत्येकाला क्रमांक, आणि नात्यांनी फक्त त्या क्रमांकाकडे बोट दाखवायचं. माणूस एक, बोटं कितीही. तुम्हाला क्रमांक एक दिला आहे. आता यंत्र तुम्हाला दोन फेटे देतं. सर फोनवर म्हणाले हा दोष आहे, मी म्हणाले आमच्याकडे हा मान आहे. तरी राग सोडावा आणि होकार कळवावा, ही हात जोडून विनंती. मामींना नमस्कार.

आपली भाची,
शिवकन्या

ता. क. वर्षाराणीचा काल एसटीडीवरून फोन आला. याद्यांना ती तुमच्याबरोबर आली तेव्हा छापलेली याद मी तिलाच आधी दिली होती, तिने ती वाचली होती आणि गप्प बसली होती. “कावून सांगितलं न्हाई?” असं मी ओरडले, तर रडायलाच लागली. तिची बी.एस्सी.ची शेवटची परीक्षा एकोणीस मार्चला सुरू होते. मुहूर्त काढताना तिला कुणी विचारलं नाही. मीही नाही.

ता. क. आणखी एक: म्हणून वरची विनंती मी मागे घेते. शेवटचा पेपर बारा एप्रिलला आहे. तोवर राग धरून ठेवाल का? रविवारी आप्पा समजूत काढायला केजला येत आहेत. ते फार गोड बोलतील. कृपा करून त्यांचं ऐकू नका.